पडलं, हुकलं, सांडलं

लग्न वाढप्यावरून ओळखावं, असं आमच्या मॅडम म्हणत. नवरी कशी, मांडव केवढा, बँड कुठला, यातलं काही त्या बघत नसत. पंगत बसली की भिंतीला टेकून उभ्या राहत आणि वाढणाऱ्या पोरांवर नजर ठेवत. एका लग्नात त्यांनी मला कोपराने ढोसलं. "सर, तो हिरव्या शर्टाचा पोरगा बघा. बुंदीची बादली घेऊन एकाच टोकाला घुटमळून राहिला. दोस्त बसलेत ना तिथं त्याचे! आन् तो बुटका बघा. कुणाचं पान रिकामं झालं ते त्याला मान न वळवता कळतं. तो माझा पॉइंट गार्ड."

"मॅडम, जेवायचं का आपण?"

"थांबा, बुटका इकडच्या रांगेला येऊ द्या. त्याच्या हातचं जेवू."

मॅडम वसमतच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. मी तिथलाच क्रीडा संचालक. शिट्टी, स्टॉपवॉच आणि बास्केटबॉलचं एक सिमेंटचं मैदान, ही माझी दौलत. त्या मैदानाच्या कडेला संख्याशास्त्राच्या बाईंचं काय काम, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटे. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं, तेव्हा "मॅडम अत्यंत शिस्तप्रिय होत्या" एवढं म्हणून मी खाली बसलो. सर मितभाषी आहेत, असं लोकांनी समजून घेतलं. पण जे सांगायला हवं होतं ते हार-नारळ हातात असताना सांगता येण्यासारखं नव्हतं. ते इथं सांगतो.

बास्केटबॉलचा नाद त्यांना उतारवयात लागला. पुण्याच्या भाच्याने त्यांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने लावून दिले आणि सकाळचा चहा उकळेपर्यंत त्या ते बघू लागल्या. पोरांची नावं जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपणच सगळ्यांची बारशी उरकून घेतली होती. निळ्या बनियनवाला, लांब मानेचा, वेण्यावाला. तिकडचे जाणकार पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणून कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या खेळाडूला, नुसत्या त्याच्या बास्केटवर जोखत नाहीत. चेंडू आणायचं काम त्याच्याकडे असताना संघाला शंभर संधींमागे किती गुण मिळाले ते बघतात. हे त्यांनी कुठं तरी वाचलं आणि त्यांना घबाड सापडलं.

संधी हा शब्द त्यांना मिळमिळीत वाटे. त्या 'बारी' म्हणत. त्यांच्या वडिलांचं रान कालव्याच्या शेपटाला होतं. पाण्याची बारी आली की लहानपणी फावडं घेऊन दारं धरायला त्या जात. "पाणी आपल्याकडं आलं," त्या पोरींना सांगत, "मंग ते हळदीला लागलं का बांधावरून ओघळून गेलं, येवढाच सवाल. दारं धरणाऱ्यानं सोताच पाण्यात नाचून काय उपेग?"

मोजायची त्यांची रीतही घरचीच. स्टीलचा तीन पुडांचा जेवणाचा डबा आणि पर्सभर चिंचोके. चेंडू आपल्या संघाकडे आला, बास्केट झाली, तर चिंचोका वरच्या पुडात. ते 'पडलं'. नेम चुकला तर मधल्या पुडात, ते 'हुकलं'. आणि फेक होण्याआधीच चेंडू हातचा गेला, तर खालच्या पुडात. ते 'सांडलं'. 'हुकलं'चा त्यांना राग नसे. "हुकू दे, उद्या पडंल. पण सांडलेलं कुठून भरणार?" ज्या पोरीला जोखायचं तिच्यासाठी वेगळा डबा. सामना संपला की मैदानाच्या पायरीवर मांडीत पुडं घेऊन त्या चिंचोके मोजत, आणि तोवर कुणाशी बोलत नसत.

कागदावर का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं. "लिहायला मान खाली घालावी लागते," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात एक बारी निघून जाती."

हे खूळ मैदानापुरतं नव्हतं. स्टाफ मीटिंग संपली की त्या प्राचार्यांच्या तोंडावर म्हणत, "आज बाऱ्या भरपूर झाल्या, सर. सगळ्या सांडल्या." प्राचार्य बिचारे हसत. भाजीबाजारात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही त्यांना एखादा पॉइंट गार्ड सापडे. आमच्या कँटीनच्या मावशींना त्यांनी ही पदवी जाहीर दिली होती. मावशी अजून ती अभिमानाने सांगतात, अर्थ न विचारता.

"डोळा भुलतो, आकडा भुलत न्हाई," हे त्यांचं ब्रीद. मी ते इतकं ऐकलं होतं की माझे कान किटले होते.

आता माझ्याकडे येतो. मी तरुणपणी बरा खेळायचो. बरा म्हणजे, मीच खेळायचो. चेंडू हातात आला की तो माझ्या हातून थेट बास्केटकडेच जाई. मी शिकत होतो त्या कॉलेजच्या अंतिम सामन्याची गोष्ट मी नव्या स्टाफला दरवर्षी सांगत असे. निम्म्याहून जास्त गुण माझे एकट्याचे. मॅडमनी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा शांतपणे विचारलं, "आन् टीम हारली ती काहून?"

सगळे हसले. मीही हसलो. पण तो प्रश्न काट्यासारखा आत राहिला, आणि पुढे मी जे केलं त्याचं मूळ तिथं आहे.

ऋतुजा ही माझी विद्यार्थिनी. शाळेत होती तेव्हापासून मी तिला शिकवलेलं. उंच, चपळ, हुबेहूब माझ्यासारखी खेळणारी. तिचा खेळ बघायला गावातले लोक मैदानाच्या कुंपणाला लटकत. चेंडू तिनेच आणायचा आणि तिनेच मारायचा, असं माझं धोरण. मॅडमना ते बघवत नसे. "सर, ही तुमची वाढपी पंगतीत सोताच जेवून राहिली," असं त्या भर सरावात ओरडत.

त्यांच्या डोळ्यात भरली होती कविता. जवळा बाजार गावाच्या पलीकडच्या तांड्यावरची, बुटकी, अबोल मुलगी. बास्केटकडे ती बघतसुद्धा नसे. पण चेंडू तिच्याकडे आला की बाकीच्या चौघी आपोआप मोकळ्या जागी दिसू लागत. मॅडमचं म्हणणं, कविताने चेंडू आणावा आणि ऋतुजाने कडेला उभं राहून मारावं. माझं म्हणणं, ऋतुजाच चेंडू आणणार असेल तर कविताचं काम काय? संघात उरलेली शेवटची जागा मी एका उंच मुलीला देणार होतो.

कवितासाठी ती जागा म्हणजे सगळंच होतं. होस्टेलची खोली फक्त संघातल्या मुलींना मिळे. खोली नाही तर संध्याकाळच्या एसटीने तांड्यावर परत, आणि आमचा सराव सुरू व्हायचा तो एसटी सुटायच्या वेळेला.

वाद प्राचार्यांकडे गेला. ते म्हणाले, सराव सामना घ्या. काही वेळ ही चेंडू आणेल, काही वेळ ती. मॅडम मोजतील. जिचा आकडा चांगला तिचं खरं. मॅडम खूश झाल्या. मीही कबूल झालो, कारण आपण हरू असं मला वाटलंच नव्हतं.

पण अर्धा सामना होईतो मला दिसायचं ते दिसलं. कविता चेंडू आणायची तेव्हाच जास्त पडत होतं. मध्यंतरात मॅडम मावशींकडे चहाला गेल्या. खुर्चीवर दोन डबे होते, एकावर ऋतुजाचं नाव, एकावर कविताचं. मी आजूबाजूला बघितलं. कविताचा डबा उघडला, वरच्या पुडातले मूठभर चिंचोके उचलले आणि खालच्या पुडात टाकले. पडलेलं सांडलेलं करून ठेवलं. झाकण लावलं आणि शिट्टी वाजवली.

सामना संपला. मॅडम पायरीवर मोजायला बसल्या. एकदा मोजलं. थांबल्या. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. डब्यात कुणी हात घालील हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. त्या उठल्या, सगळ्यांसमोर आल्या आणि म्हणाल्या, "आकडा ऋतुजाचा हाय. मी चुकले. कविता, लेकरा, माझ्या डोळ्यांनं तुला भलतंच चढवलं. माफ कर."

कविताने मान हलवली, बूट पिशवीत टाकले आणि एसटी स्टँडकडे गेली. मला वाटलं होतं त्या भांडतील, आकडा नाकारतील, मग मी त्यांना त्यांचंच ब्रीद ऐकवीन. त्यांनी भांडायला हवं होतं.

त्या वर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. ऋतुजाने बास्केट भरपूर मारल्या.

आणि मॅडम मैदानावर यायच्या थांबल्या. त्यांनी चष्मा बदलला. दोन महिन्यांनी पुन्हा बदलला. फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर त्या जवळ जाऊन तपासत. रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरू लागल्या. "डोळे दगा देऊन राहिले, सर," त्या मला सांगत. "जे दिसतं ते तसं नसतंच." मला! पंगतीतसुद्धा त्या आता मुकाट बसून जेवत. वाढप्याकडे बघत नसत.

वर्ष असं गेलं. पुन्हा संघ निवडायचे दिवस आले, तेव्हा त्यांनी मला विचारलं, नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोबत याल का, कारण एकटीने जायची हिंमत होत नाही. मी गेलो. डॉक्टरांच्या माणसाने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत डोळे मिटून बसा म्हणाला. आम्ही बाकावर बसलो. मॅडम मिटल्या डोळ्यांनी बोलत होत्या. "ऑपरेशन सांगितलं तर करून टाकते. निदान शेवटचं वर्ष तरी धड दिसू दे."

मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"तुमी डॉक्टर कधीपासून झाले?"

"कविताच्या डब्यातले चिंचोके मी हलवले होते. वरचे खाली टाकले. तुम्ही चहाला गेला होतात."

त्यांनी डोळे उघडले. थेंबांमुळे त्यांना माझा चेहरा नुसता धुरकट दिसत असणार. मला तेवढा आधार पुरला.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो.

"किती हलवले?"

"मूठभर. मोजले नाहीत."

मला वाटलं आता कानाखाली बसेल. बसली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मॅडमचा चेहरा असा फुलत गेला की काय सांगू. त्या बाकावरून उठल्या, धडपडल्या, समोरच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि तिथल्या मुलीला मोठ्याने म्हणाल्या, "बाई, माझं नाव काट! डोळा बराबर हाय माझा!"

"मॅडम, तपासणी तर होऊ द्या."

"झाली! आत्ताच झाली!"

रांगेतले पेशंट बघत राहिले. एक आजोबा म्हणाले, "कोणत्या डॉक्टरनं केली हो? आमाला बी सांगा."

परतीच्या गाडीत, नांदेड मागे पडलं तसं त्या म्हणाल्या, "आकडा भुलत न्हाई, असं मी आयुष्यभर म्हणत आले. आकड्याला हात असतात हे ध्यानातच न्हाई आलं." मग म्हणाल्या, "तुमाला काय म्हणायचं ते मी नंतर म्हणीन. आधी त्या लेकराचं बघा. तिला तुमी सांगायचं. सगळ्यायसमोर. मी डोळे मिटून न्हाई बसणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्या मुलींना मैदानावर बोलावलं आणि सांगितलं. गाळलं काही नाही. कविता खाली बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मी वर्षभर समजून राहिले, का मला खेळ कळतच न्हाई." मग वर बघून विचारलं, "जागा देता, का नुसतं सांगून राहिले?"

"देतो."

"मंग घरी तुमीच सांगा. माझं कोणी ऐकणार न्हाई."

ऋतुजा चिडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "सर, मला चेंडू आणायचा कधीच नव्हता. दोन-दोन जणी अंगावर येतात. तुमीच म्हणत होते म्हणून आणत होते." ज्या मुलीसाठी मी हे पाप केलं, तिला ते नकोच होतं. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

तांड्यावर मी आणि मॅडम दोघं गेलो. कविताच्या वडिलांनी बाजेवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तवा न्हाई म्हणले, आता व्हय म्हणता. फुडं काय म्हणसान, त्याचा काय भरोसा?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, यायच्यावर भरोसा ठेवू नका. मी बी ठेवत न्हाई. मी मैदानावर बसणार हाय ना रोज."

ते हसले आणि त्यांनी पोरगी पाठवली.

कविता खेळू लागली, पण माझ्याशी "हो सर", "नाही सर" यापलीकडे बोलत नसे. मीही तिची परीक्षा बघितली नाही. मॅडमना मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी पहिल्याच सरावाला म्हटलं. डबा माझ्या मांडीवर ठेवला. "आता मोजणी तुमच्याकडं."

"माझ्याकडे? मॅडम, मीच तर..."

"म्हणूनच. मी शेजारी बसते. टाका."

ती शिक्षा आहे असं मला वाटलं. पण रोज एकेक चिंचोका टाकताना हळूहळू मला खेळ दिसू लागला. इतकी वर्षं मी फक्त बास्केट बघत आलो होतो. आता चेंडू कुठून निघाला, कुणाला मिळाला, कुणाला मिळायला हवा होता, ते दिसायला लागलं. एका संध्याकाळी मी माझ्या नकळत ओरडलो, "अगं, वाढपीच जेवतीय!" मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि दाणे खात राहिल्या.

विभागाची अंतिम लढत हिंगोलीला झाली. समोर नांदेडचा संघ, आमच्या दोनदोन मुलींना एकेक पुरेल अशा अंगापिंडाचा. पण त्यांच्या पोरी कविताच्या अंगावर धावल्या की चेंडू तिथं नसेच. ऋतुजा कडेला मोकळी उभी असे, श्वास घेऊन, नेम धरून मारे. तिने त्या दिवशी जितक्या कमी वेळा फेकला तितक्या कमी वेळा मी तिला फेकताना कधी बघितलं नव्हतं, आणि तिचा चेंडू तितक्या सहज आत पडतानाही नाही. खालच्या पुडाला काम नव्हतं. मॅडम एकदा वाकून त्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "झाकण लावून टाका याचं."

शेवटाला बरोबरी झाली. चेंडू कविताकडे होता. ऋतुजाला तिघींनी घेरलं होतं. सगळं मैदान ओरडत होतं, "ऋतुजा! ऋतुजा!" मी आयुष्यभर हेच ओरडत आलो. या वेळी माझं तोंड उघडलं ते वेगळ्याच पोरीसाठी. आमची सगळ्यात कच्ची पोरगी बास्केटखाली एकटी उभी होती, हात खाली सोडून. तिला मी ओरडून सांगणार होतो, "हात वर कर!" त्याआधी कविताने तिच्याकडे न बघताच चेंडू दिला. पोरगी इतकी दचकली की चेंडू धरायच्या ऐवजी तिने तो वर ढकलला. तो फळीला लागला, कड्यावर डुगडुगला आणि आत पडला.

मॅडम खुर्चीवर उभ्या राहिल्या. या वयात! मी त्यांचे पाय धरून उभा होतो, पडतील म्हणून, आणि त्या वरून ओरडत होत्या, "दिसलं का? सर, दिसलं का तुमाला?"

दिसलं होतं. लख्ख दिसलं होतं.

बक्षिसं झाली. सर्वोत्तम खेळाडू म्हणून कविताचं नाव पुकारलं, तेव्हा एका स्थानिक पेपरचा वार्ताहर बुचकळ्यात पडला. "ताई, तुम्ही किती बास्केट मारल्या?"

"एक बी न्हाई," कविता म्हणाली. इतक्या ताठ मानेने मी तिला बोलताना प्रथमच बघत होतो.

"एकही नाही? मग..." तो ऋतुजाकडे वळला. "मग फोटो तुमचा घ्यायचा का?"

"माझा काहून? तिचाच घ्या," ऋतुजाने कविताला पुढे ढकललं. "आमी सगळ्या तिच्याच हातचं जेवलो."

वार्ताहराने कविताच्या हातात चेंडू दिला आणि मोबाइल वर धरला. मॅडम मागून ओरडल्या, "भाऊ, लवकर काढा! नसता ती फोटोतला चेंडू बी कुणाला तरी देऊन टाकंल!"

त्याला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेला फोटो माझ्याकडे आहे. कविता हसतेय आणि तिचे हात रिकामे आहेत. कडेला, चौकटीत अर्धाच मावलेला एक जाडा माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आहे. तो मी. पास बरोबर छातीवर आला होता. मी तो धरला.